सीरम लावूनही टोके रुक्ष आणि वरचे केस चिकट का राहतात?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचे उत्तर नेमके कशाचे आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नोकरीसाठी साताऱ्याहून वाकडला राहायला आलात. तुमचे केस लहरी असून पाठीच्या मध्यापर्यंत पोहोचतात, दोन वर्षांपूर्वी त्यांवर स्मूदनिंग (रसायनाने केस सरळ व मऊ करणे) करून घेतले होते आणि आता आठवड्यातून तीनदा तुम्ही सोसायटीत येणाऱ्या टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने केस धुता. केस पूर्ण वाळले की सीरमचे दोन पंप तळहातावर घेऊन तुम्ही डोक्यापासून खाली असे ते लावता. दुपारपर्यंत वरचे केस चिकट आणि चपटे होतात, टोके मात्र होती तशीच रुक्ष राहतात. बाटल्या बदलूनही फरक पडला नाही, म्हणून कोणते सीरम घ्यावे, त्यातल्या सिलिकोनमुळे (केसांवर गुळगुळीत थर देणाऱ्या कृत्रिम घटकामुळे) केस गळतात का, आणि तेल बंद करून फक्त सीरम वापरले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी पुण्यात पार्लर चालवते आणि हेअरड्रेसिंग शिकायला येणाऱ्या मुलींना शिकवते, त्यामुळे हीच तक्रार थोड्याफार फरकाने मी सतत ऐकत असते. त्या अनुभवावरून मला वाटते की तुमची अडचण बाटलीत नाही. सीरम केसांच्या चुकीच्या अर्ध्या भागावर, चुकीच्या वेळी आणि बहुधा क्षारांचा थर बसलेल्या केसांवर लावले जात आहे. हे तिन्ही दुरुस्त न करता चौथी बाटली आणली, तर तिचाही परिणाम तोच होईल, मग ती कितीही महाग असो. म्हणून ‘कोणते’ या प्रश्नाकडे मी शेवटी येईन.

सीरम केसांचे काय करते, हे समजले की पुढचे बरेच काही आपोआप सुटते. केसाच्या बाहेरच्या आवरणाला क्युटिकल म्हणतात. कौलारू छपरावर कौले जशी एकमेकांवर चढवलेली असतात, तसे त्याचे अतिशय पातळ खवले टोकाच्या दिशेने एकावर एक बसलेले असतात. हे खवले नीट मिटलेले असतील आणि शेजारशेजारचे केस एका दिशेने वळलेले असतील, तर प्रकाश त्यांवरून एकसारखा परत येतो आणि आपल्याला चमक दिसते. खवले उचललेले किंवा झिजलेले असतील, तर तोच प्रकाश विखुरतो आणि केस निस्तेज दिसतात. लहरी व कुरळ्या केसांत एकेक केस निरोगी असूनही चमक कमी दिसते, कारण तिथे केसांची दिशाच सारखी बदलत असते. सरळ केसांच्या जाहिरातीतील चमक लहरी केसांत शोधू नये, असे मी सांगते ते यामुळेच.

केसाच्या पृष्ठभागावर निसर्गतः एक सूक्ष्म स्निग्ध थर असतो, आणि तो केसाशी रासायनिक बंधाने जोडलेला असतो. ब्लीच, कायमस्वरूपी रंग, स्मूदनिंग व रीबाँडिंग यांतील अल्कधर्मी रसायनांनी तो निघून जातो, आणि केस टाळूतून बाहेर आल्यावर हा थर पुन्हा तयार करण्याची सोय केसाकडे नसते, कारण केसाचा बाहेर दिसणारा भाग जिवंत नसतो. सीरम या गेलेल्या थराची जागा तात्पुरती भरते. त्यातील सिलिकोन खवल्यांवर पातळ पापुद्र्यासारखे पसरते, केसाकेसांतील घर्षण कमी करते आणि पृष्ठभाग समपातळीत आणते. पुढच्या धुण्यात त्याचा बराचसा भाग निघून जातो. सीरमने केस दुरुस्त होत नाहीत, त्यांचे पोषण होत नाही आणि फुटलेले फाटे कायमचे जोडले जात नाहीत. इतक्या मर्यादेत ते आपले काम चोख करते, आणि गुंता कमी झाल्यामुळे विंचरताना तुटणारे केस वाचतात, हा त्याचा दिसण्यापलीकडचा खरा फायदा आहे.

आता तुमच्या केसांकडे येऊ. केस महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर वाढतात. पाठीच्या मध्यापर्यंतची लांबी मी टाळूपासून ५० सेंटीमीटर धरते, म्हणजे तुमच्या टोकांचे वय चार वर्षांच्या आसपास आहे. चार वर्षांची धुणी, ऊन, कंगवा आणि मध्ये झालेले स्मूदनिंग हे सारे त्यांनी सोसलेले आहे. स्मूदनिंगला दोन वर्षे झाली, तेव्हा वरचे सुमारे २४-२५ सेंटीमीटर केस त्यानंतर उगवलेले, रसायन न लागलेले आहेत, आणि साधारण खांद्याच्या आसपासपासून खाली रसायन लागलेला भाग सुरू होतो. आरशासमोर उभे राहून पाहिले, तर लहर कुठे संपते आणि केस कुठे सरळ पण खरखरीत होतात ती सीमा तुम्हाला स्वतःलाच दिसेल. एकाच केसावर दोन वेगळ्या गरजांचे भाग आहेत. वरच्या भागाला टाळूतील तैलग्रंथींचे तेल मिळतेच आणि त्याचे खवलेही अजून चांगले आहेत, त्यामुळे तिथे सीरम लावले की ते तेलाबरोबर मिसळून केस चपटे करते. खालच्या भागापर्यंत टाळूचे तेल लहरी केसांत सहसा पोहोचत नाही, आणि तुमचा हात वरून खाली जाईपर्यंत सीरमही संपलेले असते. तुमची दुपारची तक्रार तंतोतंत यातूनच येते.

यात पाण्याचाही वाटा आहे, आणि माझ्या मते तो तुम्ही समजता त्यापेक्षा मोठा आहे. साताऱ्याच्या घरी आणि वाकडच्या सोसायटीत पाणी एकसारखे असेल असे गृहीत धरू नका. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बहुधा जास्त असतात आणि टँकरचे पाणी कुठून भरले जाते हे आठवड्याआठवड्याला बदलू शकते. केसाच्या पृष्ठभागावर, विशेषतः रसायन लागलेल्या भागावर, ऋण प्रभार असतो, त्यामुळे धन प्रभाराचे हे क्षार तिथे चिकटून राहतात. अशा केसाला वाळल्यावर खडबडीत, किंचित पावडर लागल्यासारखा स्पर्श येतो. बादलीच्या कडेला पांढरे पापुद्रे धरतात का, नळाच्या जाळीत खडे साचतात का, अंगाच्या साबणाला फेस कमी येतो का, एवढे पाहा. ही लक्षणे असतील, तर तुमचे सीरम केसावर बसत नसून क्षारांच्या थरावर बसत आहे, असे समजायला हरकत नाही.

यावर उपाय फार अवघड नाही. क्षार धरून बाहेर काढणारा शाम्पू, ज्याच्या वेष्टनावर ‘कीलेटिंग’ किंवा ‘हार्ड वॉटर’ असा उल्लेख असतो आणि घटकांत ईडीटीए हे नाव दिसते, तो पंधरा दिवसांतून एकदा वापरावा. ईडीटीए साध्या शाम्पूतही अत्यल्प प्रमाणात घातलेले असते, त्यामुळे केवळ ते नाव वाचून खरेदी करू नये, वर लिहिलेला उद्देशही पाहावा. त्याच्यानंतर कंडिशनर अनिवार्य आहे, कारण क्षारांबरोबर आधीच्या सीरमचा थरही निघतो आणि केस त्या दिवशी उघडे पडतात. दुसरा, अधिक साधा मार्ग म्हणजे शेवटचे दोन-तीन लिटर पाणी पिण्याच्या (आरओ) फिल्टरचे घेऊन त्याने खालचे केस खळबळून काढणे. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर क्लोरीन कमी करतात, पण पाण्याचा जडपणा बहुतेक तसाच राहतो. त्यासाठी क्षारांची अदलाबदल करणारे सॉफ्टनर लागते, आणि भाड्याच्या घरात तो खर्च करण्याचा सल्ला मी देणार नाही.

धुताना शाम्पू फक्त टाळूला लावावा आणि केस धुताना खाली वाहून येणारा फेस टोकांना पुरेसा मानावा. टोके दोन्ही हातांत धरून चोळण्याची सवय आपल्याकडे फार आहे, आणि लांब केसांची जितकी हानी त्या चोळण्याने होते तितकी शाम्पूच्या नावाने होत नाही. कंडिशनर उलट, कानाच्या खालीच लावावा आणि तुमच्या बाबतीत खांद्याखाली भरपूर. बेहेनट्रायमोनियम क्लोराइड आणि अमोडायमेथिकोन ही दोन नावे कंडिशनरच्या घटकांत असतील तर उत्तम. या दोन्हींवर धन प्रभार असतो, त्यामुळे केस जिथे अधिक झिजला आहे तिथे ती अधिक चिकटतात आणि चांगल्या भागावर कमी. तुमच्यासारख्या दोन भागांच्या केसाला हा गुण फार उपयोगी पडतो. ज्यांना सीरम लावूनही फरक जाणवत नाही अशा अनेक स्त्रिया कंडिशनरच लावत नाहीत असे विचारल्यावर कळते, कारण सीरम हे त्याला पर्याय आहे असा समज झालेला असतो. पाया कंडिशनरचा असतो, सीरम त्यावरचा शेवटचा हात असतो.

लावण्याची पद्धत मी जरा सविस्तर सांगते, कारण सर्वाधिक फरक इथे पडतो. केस धुतल्यावर ते टॉवेलमध्ये पिळू किंवा झटकू नयेत. जुन्या सुती पंचाने किंवा टी-शर्टने दाबून दाबून पाणी टिपावे. पाणी गळायचे थांबले आहे पण हाताला ओल लागते, अशी अवस्था येईपर्यंत थांबावे, आणि सीरम त्या वेळी लावावे. पूर्ण वाळलेल्या केसावर सीरम जिथे प्रथम टेकते तिथेच बरेचसे राहते. ओलसर केसावर ते सरकते आणि पातळ पसरते. शिवाय ओला केस फुगलेला व कमकुवत असतो, त्यामुळे त्याला विंचरण्याआधी घर्षण कमी करणारा थर मिळणे महत्त्वाचे असते. अगदी निथळणाऱ्या केसाला मात्र लावू नये, कारण मग सीरम पाण्याबरोबर खाली ठिबकते आणि पाठीवर येते.

तुमच्या लांबीला सुरुवातीला चार थेंब पुरेत. केसांचे मधोमध दोन भाग करून दोन्ही खांद्यांवरून पुढे घ्यावेत. दोन थेंब तळहातावर घेऊन ते दोन्ही तळव्यांना आणि बोटांच्या मधल्या जागेतही लागतील असे चोळावेत, म्हणजे बोटे केसांतून फिरताना आतल्या केसांनाही ते मिळते. मग एका बाजूच्या केसांची टोके मुठीत धरून तिथून सुरुवात करावी आणि हात हळूहळू वर नेत खांद्यापाशी थांबावा. दुसऱ्या बाजूला उरलेले दोन थेंब तसेच लावावेत. त्यानंतर मोठ्या दातांचा कंगवा आधी केसांच्या शेवटच्या चार बोटे लांबीच्या भागात, मग त्याच्या वर, असा खालून वर सरकत फिरवावा. गुंता सुटला की केस पूर्ण वाळेपर्यंत त्यांना पुन्हा पुन्हा हात लावू नये, कारण लहरी केस वाळत असताना जितके हाताळावे तितके पिंजारतात. वाळल्यानंतर वरचे बारीक केस उडताना दिसले, तर हातावर राहिलेला ओशटपणाच त्यांवरून फिरवावा, नवीन थेंब घेऊ नये. प्रमाण वाढवायचे असेल तर दोन-तीन धुण्यांनंतर एक थेंब वाढवून पाहावे. केसांच्या बटा एकमेकींना चिकटून वेगळ्या दिसू लागल्या, की प्रमाण ओलांडले असे समजावे.

रोज लावावे का, याचे उत्तर केस रोज धुता की नाही यावर आहे. आठवड्यातून तीनदा धुणाऱ्या व्यक्तीने तीनदाच लावावे. मधल्या दिवशी टोके फार कोरडी वाटली तर एक थेंब चालेल, पण थरावर थर आणि वर रस्त्यावरची धूळ असे झाले की केस जड होतात. तुम्ही दुचाकीवरून जाता असे लिहिले आहे, तेव्हा सीरम लावलेले केस पूर्ण वाळल्यावर सैल वेणी घालून मग स्टोल बांधावा. मोकळ्या केसांवर घट्ट बांधलेला जाडाभरडा स्टोल आणि त्यावर हेल्मेट यांनी मानेपाशी जो गुंता होतो, तो कोणत्याही सीरमला भारी पडतो.

हे सगळे परिस्थितीप्रमाणे बदलते, हेही सांगायला हवे. अतिशय बारीक व सरळ केस असणाऱ्यांना दोन थेंबही जास्त होऊ शकतात. घट्ट कुरळ्या केसांना सीरम एकटे पुरत नाही. त्यांना आधी क्रीम किंवा जेल लावून ते वाळल्यावर, कडक झालेला थर मोडताना, सीरम वापरणे जास्त उपयोगी ठरते. पांढरे केस बऱ्याचदा राठ असतात आणि फिकट रंगावर चमक मुळातच कमी दिसते, त्यामुळे त्यांना सीरमने मऊपणा येतो, झळाळी मात्र काळ्या केसांइतकी येत नाही.

ऋतूचा परिणाम तर फार मोठा आहे. केस हवेतील बाष्प शोषून घेतो. पूर्ण दमट हवेत तो स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी धरू शकतो आणि त्याची जाडी १४-१५ टक्क्यांनी वाढते. आतले हायड्रोजन बंध सुटतात व नव्या जागी जुळतात, म्हणून सरळ करून निघालेले केस जुलै महिन्यात स्टेशनपर्यंत पोहोचेतो पुन्हा लहरी होतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात हे पावसाळ्यापुरते मर्यादित नाही, तिथे जवळपास वर्षभर हवा दमट असते. सिलिकोनचा थर बाष्पाची ही ये-जा मंदावतो, थांबवत नाही. ‘चोवीस तास फ्रिझ (केस पिंजारणे) नाही’ अशा दाव्यांवर मी त्यामुळेच विसंबत नाही. पावसाळ्यात एखादा थेंब जास्त आणि बांधलेले केस हाच मला पटलेला मार्ग आहे. पुण्याच्या कोरड्या थंडीत अडचण वेगळी असते, केस विजेच्या प्रभाराने उडतात आणि एकमेकांना दूर ढकलतात. तिथे वाळल्यानंतर तळव्यावरचा अर्धा थेंबही काम करतो.

आता बाटलीबद्दल. आपल्याकडील नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर १ टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पहिली चार-पाच नावे वाचली तरी सीरमचा स्वभाव कळतो. सायक्लोपेंटासिलोक्सेन हे बहुतेक सीरममध्ये पहिले असते. ते द्रावक आहे, लावल्यावर हवेत उडून जाते आणि मागे हलका स्पर्श ठेवते. डायमेथिकोन किंवा डायमेथिकोनॉल हे मागे राहून थर तयार करतात. फिनाइल ट्रायमेथिकोन असेल तर चमक अधिक दिसते, कारण त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) साध्या सिलिकोनपेक्षा जास्त असतो. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेले आर्गन, बदाम किंवा मॅकाडेमिया तेल यादीत सुगंधाच्या नंतर आले असेल, तर त्याचे प्रमाण फार थोडे आहे असे समजावे आणि त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. तुमच्याकडे आत्ता असलेल्या बाटलीत वरची पहिली तीन नावे असतील, तर ती टाकून देण्याचे काहीही कारण नाही, तीच वर सांगितलेल्या पद्धतीने वापरा.

सिलिकोनबद्दलची भीती समजण्यासारखी आहे, पण ती वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यामुळे वाढली आहे. युरोपीय संघाने सायक्लोपेंटासिलोक्सेनवर निर्बंध आणले आहेत हे खरे आहे. धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ते ०.१ टक्क्याहून अधिक असू नये असा नियम तिथे ३१ जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि केसांवर राहू द्यायच्या प्रसाधनांसाठी तो जून २०२७ पासून लागू होणार आहे. त्यामागचे कारण पर्यावरणाचे आहे, हे रसायन निसर्गात लवकर विघटित होत नाही आणि साठत राहते. केस गळण्याशी त्या निर्णयाचा संबंध नाही. पर्यावरणाचा विचार करून कोणी ते टाळत असेल, तर मला त्या निर्णयाचा आदरच आहे. आयसोडोडेकेन किंवा कोको-कॅप्रिलेट यांवर आधारलेली सीरम आता मिळू लागली आहेत आणि तुमच्यासारख्या केसांवर ती चांगली चालतात. त्वचेला ‘श्वास’ घेऊ न देणे, मुळे गुदमरणे अशी जी वर्णने फिरतात त्यांना मात्र आधार नाही. केसाचे मूळ रक्तातून पोषण घेते, हवेतून नव्हे. साध्या शाम्पूने सिलिकोन बऱ्यापैकी निघते. अतिशय सौम्य, सल्फेटविरहित शाम्पूच नेहमी वापरणाऱ्यांच्या केसांवर ते हळूहळू साचू शकते, आणि त्यांनी महिन्यातून एकदा-दोनदा जरा जोरकस शाम्पू वापरला की प्रश्न मिटतो.

केसगळतीचा विचार त्यामुळे वेगळा करावा लागतो. दिवसाला ५० ते १०० केस गळणे सामान्य आहे. लांब केसांत ते संख्येने तितकेच असले तरी गुंडाळी मोठी दिसते आणि माणूस घाबरतो. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा गोळा असेल तर तो मुळापासून आलेला आहे, नसेल तर तो मध्ये कुठेतरी तुटलेला आहे. तुटणे कमी करण्यात सीरम मदत करते. मुळापासून गळण्याची कारणे लोहाची कमतरता, थायरॉइड, बाळंतपण, किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला डेंग्यू-टायफॉइडसारखा ताप अशी आतली असतात, आणि तिथे पार्लरमधल्या कोणाचाही सल्ला न घेता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. बाजारात टाळूला लावायची वेगळी सीरम मिळतात. ती पाण्याच्या किंवा अल्कोहोलच्या आधारावर बनवलेली असतात आणि त्यांचा उद्देश वाढीशी निगडित असतो. तुमच्याकडचे चमकेचे सीरम त्या हेतूने टाळूत मुळीच चोळू नये. त्याचा तिथे फायदा नाही, आणि कपाळावर व पाठीवर पुटकुळ्या येण्याची शक्यता मात्र आहे.

तेल बंद करावे का, या प्रश्नाला माझे स्पष्ट उत्तर ‘नाही’ असे आहे, मात्र ते लावण्याची वेळ बदलावी. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल तेल यांची तुलना केली होती. धुण्यापूर्वी किंवा धुतल्यानंतर लावलेल्या खोबरेल तेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी झाली, इतर दोन तेलांनी तसे घडले नाही. कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते हे ध्यानात ठेवूनही मला त्यांचे कारण पटते: खोबरेलात लॉरिक आम्ल मुख्य असते, त्याचा रेणू लहान व सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरू शकतो. सिलिकोन आत शिरत नाही, बाहेर राहते. दोघांची कामे वेगळी असल्यामुळे एकाऐवजी दुसरे वापरता येत नाही. धुण्यापूर्वी रात्री किंवा किमान तासभर आधी, खांद्याखालच्या केसांना मुख्यतः खोबरेल तेल लावावे, धुताना ते शाम्पूने काढावे आणि धुतल्यावर सीरम लावावे. तेल लावलेल्या केसांवरच सीरम लावण्याने मात्र दोन्ही वाया जातात. डोक्यात कोंडा असेल तर टाळूला तेल टाळावे, कारण कोंड्याशी संबंधित बुरशी तेलावरच वाढते. टोकांना लावायला हरकत नाही.

तुम्ही प्रसंगी इस्त्री, म्हणजे स्ट्रेटनर वापरता, त्याबद्दल दोन-तीन गोष्टी सांगणे आवश्यक वाटते. केस ओलसर असताना गरम पट्टी फिरवली, तर आतले पाणी एकदम वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि केस त्या जागी तुटतो. हे नुकसान भरून निघत नाही. सीरम लावल्यानंतर केस पूर्ण वाळू द्यावेत, स्ट्रेटनर १५० ते १८० अंश सेल्सिअसच्या पुढे नेऊ नये, आणि एका बटेवरून एकदाच, सावकाश फिरवावा. बाटलीवर उष्णतेपासून संरक्षणाचा उल्लेख असेल तर बरे, पण त्याच्या भरवशावर तापमान वाढवू नये. यातील बरीच सीरम ज्वलनशील असतात व तसे वेष्टनावर लिहिलेलेही असते, म्हणून ताजे सीरम लावून मोकळ्या केसांनी गॅसपाशी किंवा दिवाळीत पणत्यांपाशी वाकू नये.

पुन्हा स्मूदनिंग किंवा केराटिन करून घ्यावे का, असे तुम्ही थेट विचारले नसले तरी तो विचार मनात असल्याचे तुमच्या लिहिण्यावरून जाणवते. मी आत्ता ते करू नये असेच म्हणेन. खालच्या अर्ध्या भागाला दुसऱ्यांदा रसायन सोसणार नाही. केस सरळ करण्याच्या काही उत्पादनांतून गरम करताना फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते, आणि त्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या ग्लायऑक्सिलिक आम्लाचा मूत्रपिंडाला इजा होण्याशी संबंध दाखवणारी उदाहरणेही अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. केवळ चमकेसाठी एवढी किंमत मोजावी असे मला वाटत नाही.

तेव्हा पुढच्या सुट्टीच्या दिवशी क्षार काढणारा शाम्पू आणि भरपूर कंडिशनर यांपासून सुरुवात करा, मग हातातलीच बाटली वर सांगितल्याप्रमाणे फक्त खांद्याखाली वापरा, आणि निदान महिनाभर दुसरे काहीही बदलू नका, म्हणजे कशाने काय झाले ते कळेल. वरचे केस चिकट होणे पहिल्या एक-दोन धुण्यांतच थांबायला हवे. टोकांचा स्पर्श सुधारायला जास्त वेळ लागेल, आणि ज्यांना फाटे फुटले आहेत ती टोके सुधारणार नाहीत, ती कापावीच लागतील. एकदम आखूड करायचे नसतील, तर दर चार महिन्यांनी ५ सेंटीमीटर कापत जा. तुमचा स्मूदनिंग केलेला भाग साधारण २५ सेंटीमीटर आहे, तो पाचव्या वेळेला संपेल, आणि पहिल्यांदा कापल्यापासून तेवढ्या सोळा महिन्यांत वरून सुमारे १६ सेंटीमीटर नवे केस आलेले असल्याने तुमची लांबी ४० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे खांद्याच्या बऱ्याच खाली राहील.